मोडलेल्या गुडघ्याने तोच उतार

गेल्या वर्षी देवरुखच्या पुढे, सह्याद्रीच्या पायथ्याच्या राखीव जंगलात मी सायकलवरून पडले आणि डावा गुडघा मोडून घेतला. ऑपरेशन, वॉकर, सहा महिने फिजिओथेरपी. त्रेपन्नाव्या वर्षी आता हे पुरे, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. मी मात्र डिसेंबरात वनखात्याची परवानगी काढली आणि सायकल गाडीच्या टपावर बांधली. नवरा, सुधीर, नाखुशीनेच गाडी चालवायला आला.

रत्नागिरीहून दोन तास धरा. पेट्रोल देवरुखातच भरा, पुढे मोबाइलला रेंजही नाही. पायथ्याच्या वाडीत गंगारामकाकांकडे राहण्याची सोय होते. रात्री तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी आणि सुकट. वाटाड्याही तेच, आणि मागच्या वेळी मला डोलीतून खाली आणणाऱ्या चौघांतले एक.

सकाळी सुधीर वाडीतच थांबला. पाच किलोमीटरच्या चढात निम्मी वाट सायकल ढकलतच न्यावी लागते. जांभ्याचे सुटे दगड, त्यावर वाळका पाला. काका दोनदा म्हणाले, "द्या हिकडं." मी दिली नाही.

पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, उतरणाऱ्या ज्या वळणावर मी गेल्या वर्षी पडले होते, त्याच्या वर काका थांबले.

"ताई, हितनं चालत उतरा. त्या टायमाला चौघं होतो उचलायला. त्यातली दोघं आता मुंबयला हायत."

"मग पडून चालणार नाही."

सीट खाली केली, वजन मागे टाकलं आणि निघाले. वळणावर पुढचं चाक घसरलं. पडले. कोपर सोलवटलं. काका धावत आले. मी आधी गुडघा वाकवून पाहिला. वाकत होता.

"झालं ना आता?"

"नाही."

सायकल ढकलत पुन्हा वर गेले. दोन घोट पाणी प्यायले. दुसऱ्या वेळी पुढच्या ब्रेकला बोटच लावलं नाही. चाक थोडं हललं, सावरलं, आणि मी वळण पार करून थेट पऱ्याच्या पाण्यात उतरले.

काका सावकाश खाली आले. "आता बरोबर आलाव," एवढंच म्हणाले.

वाडीत सुधीरने कोपर पाहिलं. "पडलीस?"

"पडले. मग उतरलेसुद्धा."

त्याने जखम धुऊन दिली. "मला दाखव ती जागा," म्हणाला. जेवून आम्ही पऱ्यापर्यंत चालत गेलो. तो खालून त्या वळणाकडे बराच वेळ बघत राहिला.

घरी आल्यावर गुडघा चार दिवस सुजला. जिने उतरताना अजून कठडा धरावा लागतो. शेजारच्या वहिनी ते बघून म्हणतात, "सांगितलं होतं ना तुम्हाला?" हो, सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं, आणि तरी गेले.