जासुदाची पोच

कुंभकोणमच्या मराठी मंडळात चाळीस घरं आहेत आणि चाळीसही सरदारांची. राजांबरोबर तंजावरात जे सैन्य आलं, त्यात पाणक्या, मोतद्दार असलं कुणी आलंच नसावं. आलं असेल तर निर्वंश झालं.

अंबुजाबाई साक्कोट्टैच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं शिक्के मारून निवृत्त झाल्या. दर शनिवारी मंडळाच्या हॉलमध्ये पोरांना इतिहास सांगायचं काम त्यांनी मागून घेतलं. आठवड्यात मराठी बोलायला तेवढाच तास होता. नवरा गेल्यापासून घरातल्या भिंती तमिळच ऐकत होत्या.

त्यांनी लढाया सोडल्या आणि पत्रं पोचवणारा जासूद धरला. काखेत पत्राची बांबूची नळी, हातात घुंगरांची काठी, पाय अनवाणी. कोळ्ळिडम नदी पुरात असली की नळी डोक्याला बांधून पोहायचं. पुढच्या चौकीवर दुसरे पाय तयार; असं करत पत्र साताऱ्याला. "आणि पोच घेतल्यावाचून हलायचं नाही," त्या बजावत. "वार, वेळ, निशाणी. समोर राजा का असेना."

पोरांनी घरी जाऊन विचारलं, "आपल्यात जासूद कोण होता?" चाळीस घरांत घास अडकला.

पुढच्या शनिवारी मंडळाचे चिटणीस चंद्रमौली राव हॉलच्या दारातच उभे राहिले.

"अंबुजाक्का, पोरांना हमालांच्या कथा कशाला?"

"मग सरदारांची पत्रं घोडे आपण होऊन नेत होते का?"

"माझी नात मला विचारते, अज्जा, आपण नक्की सरदारच का? माझ्या घरात बसून!"

"काय सांगितलंत?"

"कागद जळले म्हटलं."

"सगळ्यांचेच जळलेत. आग मोठीच लागली असणार."

रावांचा चेहरा उतरला नाही, लाल झाला. "जासुदाला घोड्यावर बसवा, कमरेला तलवार द्या. नाहीतर हॉल मिळायचा नाही."

"तो पायीच जाईल."

"मग त्याच्या मागोमाग तुम्हीही जा."

त्यानंतरच्या शनिवारी हॉलला कुलूप होतं. दुसरी किल्ली जवळ होती, पण ती न लावता अंबुजाबाई घरी येऊन उंबऱ्यात बसल्या. एवढ्यात रावांची नात हरिणी, वय वर्षं नऊ, धापा टाकत आली. तीन गल्ल्या धावली होती. हातात मंडळाचा लखोटा, पाय अनवाणी.

"अज्जांनी दिलंय."

अंबुजाबाईंनी लखोटा फोडायला घेतला.

"आधी पोच," हरिणी म्हणाली.

"अगं, वाचू तर दे!"

"वाचणं मागून. वार, वेळ, निशाणी."

अंबुजाबाईंनी चिठोऱ्यावर लिहिलं: शनिवार, पाच वाजून दहा मिनिटं, लखोटा बंद मिळाला. खाली सही केली. मग पत्र वाचलं. वर्ग कायमचा बंद, हॉलची दुसरी किल्ली परत करावी.

त्यांनी किल्ली काढली, जुन्या पाकिटात घालून डिंकानं चिकटवली आणि वर रावांचं नाव घातलं.

"चपला कुठं आहेत तुझ्या?"

"घरी. जासुदाला नसतात."

रस्ता अजून तापलेला होता. घाल म्हणायचं अंबुजाबाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी पाकीट तिच्या हातात दिलं.

"अज्जांची पोच घेऊन ये. नाही म्हणाले तर दारात उभी राहा."

"आणि मग?"

"मग इथं ये. कोळ्ळिडमची गोष्ट अर्धी राहिलीय."