लोण्याची दुरुस्ती

न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थच्या हॉस्पिटलात रक्त तपासणाऱ्या सुनेत्रा खाडिलकरला एक नाद होता. युरोपच्या संसदेत कोणी कुठे मत दिलं, ते ती वहीत उतरवून ठेवायची. मिरजेत असताना नगरपालिकेच्या सभेला बसून ती वर झालेले हात मोजायची. भाषण कोणीही करतं, हात बघावा, हे तिचं मत. १९९९ साली इथे आल्यावर तिला कळलं, की अर्धं गाव दुधावर जगतं आणि त्या दुधाचं लोणी युरोपात जातं. मग इंटरनेटवरच्या मतदानाच्या याद्या आल्या, आणि मराठीतली वही.

२००६च्या मार्चमध्ये तिचं पत्र गावच्या पेपरात छापून आलं. त्या संसदेतल्या आयर्लंडच्या खासदार नोरा डेव्हलिन यांनी एकाच दिवशी आपल्या लोण्याचा युरोपातल्या विक्रीचा कोटा कापायच्या बाजूनेही मत दिलं आणि विरोधातही, असं त्यात होतं. आठवड्याने त्याच बाई युनिव्हर्सिटीत भाषणाला येणार होत्या. पहिला प्रश्न सुनेत्राचा, असं आयोजकांनी कळवलं होतं.

“दोन तोंडांची बाई आज सापडली!” ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वही चाळत होती.

“चहा तरी घे,” नवरा म्हणाला. “युरोप कुठे पळून जात नाही.”

“पाच वाजले, रमण! सहाला भाषण!”

दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय रिपोर्ट सोडायचा नाही, ही लॅबची सवय. वहीत दोन ओळी होत्या: ‘दुरुस्ती – बाजूने’ आणि ‘दुरुस्ती – विरोधात’. दुसरीपुढे पान नंबर शेवटचा. तिने कॉम्प्युटरवर मूळ यादी उघडली, आणि खुर्चीत बसली.

मतदान एकच होतं. कोटा कापण्यासाठी ठरावात बदल सुचवणारी ती पहिली दुरुस्ती. शेवटच्या पानावर होती ती झालेल्या चुकीची दुरुस्ती: बाईंनी भलतंच बटण दाबलं होतं आणि त्याच दिवशी तसं नोंदवलंही होतं. इंग्रजीत दोन वेगळे शब्द, अमेंडमेंट आणि करेक्शन. सुनेत्राच्या मराठी वहीत एकच.

“मेले मी! त्या विरोधातच होत्या रे. आपल्या बाजूने!”

“मग गप्प बस. कोणाला कळतंय?”

“पत्राखाली नाव माझं आहे.”

हॉल शेतकऱ्यांनी भरला होता. नाव पुकारलं तेव्हा सुनेत्रा वही घेऊन उभी राहिली.

“माझं पत्र चुकलं. मिसेस डेव्हलिन कोटा कापायच्या विरोधात होत्या. पेपराला मी आजच कळवते. आता प्रश्न. लॅबमध्ये माझा आकडा चुकला, तर मी त्यावर एक रेघ मारते, सही करते आणि रिपोर्ट बदलते. तुमच्याकडे चूक नोंदवतात, पण निकाल तोच राहतो. हा नियम बदलायला तुम्ही कधी मत दिलंत का?”

मागून कोणीतरी ओरडलं, “गुड ऑन यू!” आणि टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

“नाही,” डेव्हलिनबाई म्हणाल्या. “तसा ठराव कधी आलाच नाही. मीही आणला नाही.”

भाषणानंतर त्या स्वतः खाली आल्या. चूक झाली ते पान मागून घेतलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे काय लिहिलंय?”

“दुरुस्ती.”

“आणि हे खालचं?”

“दुरुस्ती.”

बाई इतक्या मोठ्याने हसल्या, की चहाच्या रांगेने मागे वळून पाहिलं. सुनेत्राने पेन काढलं. दुसऱ्या ओळीवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी ‘करेक्शन – विरोधात’ असं लिहून सही केली, तारीख घातली.