ऐकू न येणारं रॉकेट

गप्पांच्या मध्येच काकू तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांबा, यायची वेळ झालीय."

पुण्याजवळ मोशीतल्या आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्याला वाटायचं, पाण्याचा टँकर येणार असेल. काकू वाट बघत असायच्या ती रॉकेटच्या आवाजाची.

कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झालेल्या काकू एकट्याच राहायच्या. त्यांनी टेरेसवर एक यंत्र बसवलं होतं. आंध्रच्या किनाऱ्यावर रॉकेट उडालं की पाऊण-एक तासाने त्याचा आवाज आपल्याकडे पोचतो, पण इतका खोल की कानाला कळत नाही. यंत्राला कळतो. हौशी मंडळींच्या एका गटाने गावोगावी अशी यंत्रं दिली होती. वाऱ्याचा त्रास नको म्हणून काकूंनी आपल्या यंत्राला बारीक भोकांचे रबरी पाईप जोडून टेरेसभर पसरले होते.

"काकू, काय पेरलंय?" सेक्रेटरी विचारायचे.

"उगवलं की सांगते."

उगवत काही नव्हतं. यंत्राने चाकणच्या कारखान्यांतल्या प्रेसची धडधड टिपली, आमची लिफ्ट टिपली, वराती टिपल्या. शेवटी हौशी मंडळींनी कळवलं, या खेपेलाही रॉकेट मिळालं नाही तर यंत्र साताऱ्याला हलवू.

नेमका रॉकेट उडायच्या संध्याकाळी टेरेसवर वाढदिवस होता, डीजेसकट. काकू डीजेवाल्यापाशी गेल्या.

"भाऊ, जरा वेळ बंद कर. रॉकेटचा आवाज यायचाय."

"लई मोठा असतो का?"

"ऐकूच येत नाही."

"मग मी बंद कशाला करू?"

काकूंनी नेहमीसारखा तळहात वर केला. त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि बटण दाबलं. केक थांबला, पाहुणे थांबले. सेक्रेटरींनी लिफ्ट बंद केली. आत त्यांच्या सासूबाई होत्या, हे नंतर कळलं. सगळे जण कान टवकारून काहीच ऐकत नव्हते.

यंत्राला जोडलेल्या लॅपटॉपवरची रेघ जराशी फुगली.

"आला आणि गेला," काकू म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी निरोप आला. तीच खूण आधी सोलापूरच्या यंत्रावर उमटली होती, मग आमच्या; म्हणजे ते रॉकेटच. यंत्र मोशीतच राहिलं. हे सांगायला काकू माझ्या दारात आल्या आणि बराच वेळ नुसत्या हसत राहिल्या.

पुढच्या उन्हाळ्यात काकू झोपेतच गेल्या. यंत्र मंडळींनी नेलं, पाईप राहिले. काकूंच्या घरात आता एक तरुण जोडपं भाड्याने राहतं. परवा त्यातली मुलगी मला विचारत होती, "वरचे पाईप कशाचे हो? पाणी तर येत नाही."

मी सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मग आता ते बांधून त्यावर बाळाचे कपडे वाळत घातले तर चालेल?"

"घाला," मी म्हटलं.