उतारावरची पंगत

झुंबरबाईनं समुद्र पाहिलेला नाही. खाली बंधारा झाल्यापासून तापीचं पाणी पुढं जायचं विसरलंय, ते तिच्या खाणावळीच्या मागं नुसतं उभं असतं. तेवढाच तिचा किनारा. वय अडुसष्ट, गुडघे गेलेले. शिंदखेडा तालुक्यातल्या या उतारावर, म्हणजे जिथून पूर्वी होडीनं नदी ओलांडायचे त्या जागी, ती बावन्न वर्षं लोकांना जेवू घालत होती. पत्र्याखाली सहा खाटा, एक लांब सतरंजी, दोन चुली. पाटी नव्हती.

खाणावळ सुरू केली तिच्या सासूनं, सुंदरबाईनं. सासरा होडी चालवायचा. एका पुरात होडी तीन दिवस बंद राहिली आणि चाळीसेक उतारू काठावर अडकले. सुंदरबाईनं भाकरी थापल्या, ठेचा वाटला आणि वाढता वाढता रीतीप्रमाणं प्रत्येकाला विचारलं, कोण, कुठले. नाव कळलं की जात कळली, आणि माणसं सरकू लागली. कुणी खांबाआड गेलं, कुणी उपाशीच पावसात जाऊन बसलं. होडी सुरू होऊन नवे उतारू आले, तेव्हा तिनं विचारणंच बंद केलं. "आधी खा. कोन शे ते मंग सांगजो." सगळे एका ओळीत बसले, कारण शेजारी कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तोच नियम झाला. जेवल्यावर सांगायला कुणी थांबत नसे, आणि सुंदरबाईही विचारत नसे.

झुंबरबाई सोळाव्या वर्षी निंबाची बायको होऊन इथं आली. पहिल्याच महिन्यात तिच्या हातून चूक झाली. एक माणूस जेवत होता आणि माहेरी विचारतात तसं तिनं सहज विचारलं, "कोन गावना पाहुना?" त्यानं घास ताटात ठेवला, हात न धुता उठला आणि नदीच्या कडेनं वरच्या अंगाला चालू लागला. पाणी चढलेलं होतं. तो कुठं उतरला, उतरला की नाही, कधीच कळलं नाही. सासू आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. त्यानंतर झुंबरबाईनं कुणाला नाव विचारलं नाही.

पुढं पूल झाला, होडी वाळूत कुजली, निंबा काविळीनं गेला. रस्ता मात्र दाराशी आला. केळीच्या गाड्यांचे ड्रायव्हर, अस्थी सोडायला आलेले, सातपुड्याच्या पायथ्याहून गुजरातेत ऊसतोडीला निघालेली कुटुंबं. घरून पळालेलेही. जिथं कुणी काही विचारत नाही, तिथं तशी माणसं आपोआप वळतात.

मग रस्ता रुंद करणारे आले. त्यांच्या नकाशात खाणावळीवरून लाल रेघ गेली होती. ज्यांचा धंदा तीस वर्षांहून जुना, त्यांना नव्या रस्त्याकाठी जागा मिळणार होती. साहेब भला माणूस होता. म्हणाला, "आजी, काहीतरी लेखी द्या. मुक्कामाचं रजिस्टर, नाहीतर जुन्या तीन गिऱ्हाइकांचे जबाब." विजेचं बिल तेरा वर्षांपूर्वीपासूनचं. जमीन नदीची, सातबारा निघत नव्हता.

मुलगा हितेंद्र जळगावला पिंप्राळ्यात मोबाइल दुरुस्त करतो. तो एक जाड वही घेऊन आला. रजिस्टर आत्ताच तयार करायचं, असा त्याचा बेत.

"माय, तू नुसतं सांग. मी लिखस. कोन तपासाले येस?"

"काय सांगू?"

"जे जे जेवाले ऊनात त्यासना नावं."

"नावं माले ठाऊक नही."

"मंग जे ठाऊक शे ते सांग."

तिनं डोळे मिटले. "एक व्हता, तो लसूनना ठेचा येगळा मागे. एक बायकोले आधी वाढा म्हने. एक म्हतारा भाकरना पापुद्रा काढीसन दूधमा टाके. एक बाई व्हती. रडे, पन दोन भाकरी खाय."

हितेंद्रनं चार ओळी लिहिल्या आणि पेनाला टोपण लावलं. "सरकारले आते पापुद्रा दाखाडू का?"

खोटी नावं लिहू नको, असं ती म्हणाली नाही. ती उठून चुलीकडं गेली, एवढंच. वही तशीच राहिली.

एक नाव मात्र तिला ठाऊक झालं होतं, कारण त्या माणसाचा फोटो आता शिंदखेड्यात चौकाचौकात लागतो. हिलाल आबा, एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. चौतीस वर्षांपूर्वी तो एका मुलीला घेऊन आला होता. दोघं कोपऱ्यातल्या खाटेवर एकोणीस दिवस राहिली. विसाव्या दिवशी जीपमधून चार जण आले आणि मुलीला घेऊन गेले. तो जागचा उठला नाही. जीप गेल्यावर त्यानं ताटात राहिलेली भाकरी खाल्ली.

"इतला मोठा मानूस एकदा बोलना, मंग बाकीना दोन काय, वीस भेटतीन," हितेंद्र म्हणाला आणि तिला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला.

आबांनी खुर्ची दिली, गुडघ्यांची चौकशी केली. बायकोनं चहा आणला. झुंबरबाईनं उतार सांगितला, खाणावळ सांगितली, मुलीचं काही सांगितलं नाही. आबा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "मावशी, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मी त्या बाजूला कधी मुक्काम केलेला नाही."

बायको बिस्किटांची ताटली धरून उभी होती. झुंबरबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग आबांकडं.

"व्हई, आबा. मनी चूक व्हयनी. दुसरं कोनतरी व्हतं."

बाहेर आल्यावर हितेंद्रनं गाडी सुरू केली नाही. "तू वळखं ना त्याले?"

"वळखं."

"मंग बोलनी काबर नही?"

"त्यानी बायको उभी व्हती."

"आपला संसार रस्तावर ऊना, आनि तुले त्यानी बायको दिसनी!"

जबाबांची मुदत त्या शुक्रवारी संपली.

नोव्हेंबरात, सकाळी दहाच्या सुमारास, जेसीबी आला. भांडी, पीठ, खाटा सगळं हितेंद्र पहाटेच टेम्पोत घालून पिंप्राळ्याला घेऊन गेला होता. झुंबरबाई पंचनाम्यासाठी मागं थांबली होती. तेवढ्यात बोचकी घेतलेली चार माणसं रस्त्यावरून खाली उतरली. नवरा, बायको, दोन मुली. ऊसतोडीला निघालेली. ती चौघं दरवर्षीसारखी सतरंजीच्या जागी उघड्या जमिनीवर ओळीनं बसली.

जेसीबीबरोबर पंचनामा लिहायला आलेल्या सरकारी माणसाला पंच हवेच होते. त्यानं विचारलं, "नाव काय रे?"

"सुका."

"ही?"

"धनीबाई. माझी बायको."

"ही जागा माहीत आहे का तुला?"

सुका हसला. "माझा आजा इथं जेवला, होडी होती तवा. बाप जेवला. मी एवढा होतो तवापासून येतो." त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं. "आमच्या पाड्यावरचे वीस घर सांगतील. बोलावू?"

झुंबरबाई त्याच्याकडं बघत राहिली. हा माणूस आधी पाणी पितो, मीठ दोनदा मागतो, आणि बायकोचं होईस्तोवर हात वाळवत बसून राहतो, हे सगळं तिला माहीत होतं. साक्षीसाठी ती फोटोतल्या माणसाकडं गेली होती. याच्याकडं जावं, असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

"साहेब," ती म्हणाली, "याना जबाब ल्या ना."

"आजी, तारीख गेली. यादी वर गेली. मी खालचा माणूस." मग तो सुकावर खेकसला, "आधी का नाही आलास रे?"

"इचारलंच नाही कोणी."

त्या माणसानं कागद पुढं केला. सुकानं आनंदानं अंगठा दिला. त्याला वाटलं, हाच तो जबाब. कागदावर लिहिलं होतं, 'पडीक शेड, वापर आढळून आला नाही.' ते झुंबरबाईलाही वाचता आलं नाही.

जेसीबीचा दात पत्र्याला लागला तेव्हा मुली अजून ओळीत बसून होत्या. धनीबाईनं तिला विचारलं, "बाई, आज चूल नाही?"

झुंबरबाईजवळ मूठभर पीठसुद्धा नव्हतं. थोड्या वेळानं सुकानं बोचकं उचललं, मुलींना उठवलं, आणि ती चौघं तशीच उपाशी पुलाच्या दिशेनं चालू लागली.