लाल दोऱ्याचा डबा

अप्पा रोज सकाळी देवापुढे दिवा लावण्याआधी विंचू मोजत. चामराजपुरममधल्या त्यांच्या घरी मी माडीवर भाड्याने राहत होतो. शाळेत नुकताच मास्तर झालो होतो, म्हणून ते मला 'मेष्ट्रे' म्हणत. खाली त्यांच्या शिवणयंत्राशेजारी फळीवर पावडरचे पत्र्याचे डबे ओळीने असत. झाकणांना भोकं, आत वाळू आणि खापराचा तुकडा. दोन डब्यांत केसाळ कोळी, बाकी सगळे विंचू. बायका दारातूनच ब्लाउजची मापं देत. आत कुणी येत नसे.

"काळा दिसतो राक्षस, पण गरीब," ते सांगत. "तांबडा बोटाएवढा. त्याला मात्र अहो-जाहो करायचं, मेष्ट्रे."

मादी पाठीवर पिल्लं घेऊन बसली, की अप्पा त्या डब्याला लाल दोरा बांधत. "बाळंतिणीची खोली. उघडायची नाही. घाबरली तर स्वतःचीच पोरं खाते." गाठ ते एका हाताने, बोटावर दोरा फिरवून मारत. मला ती कधीच जमली नाही.

एकादशीला मात्र फळीला हात नाही. विठ्ठलाचा उपास असताना घरात झुरळं मारून कुणाला घालायची नाहीत. त्या दिवशी डबे उघडणं नाही, मोजणं नाही. "त्यांनाही उपास. आपल्यापेक्षा बरा सोसतो."

एकदा ते आणि त्यांच्या पत्नी अक्का तीन दिवस नंजनगूडला बहिणीकडे गेले. डब्यांतला कापूस ओला ठेवायचं काम माझ्याकडे होतं. शाळेतले दोघे सोबती बघायला आले आणि मी फुशारकीने लाल दोरा सोडला. तांबडी होती, पाठीवर पांढरी पिल्लं. चहा आणायला आत गेलो, तेव्हा झाकण नीट बसवलं नाही. परत आलो तर डबा रिकामा. सोबती गेल्यावर सगळं घर शोधलं. सापडली नाही, तेव्हा रिकाम्या डब्याला पुन्हा दोरा बांधला.

अप्पा परतले ते एकादशीलाच.

"एल्ला सरी ना, मेष्ट्रे? सगळं ठीक?"

"सरी, अप्पा."

आज मोजणार नाहीत, एवढाच विचार मी केला. शोधायला आणखी एक दिवस मिळाला, असं वाटलं.

दुपारी यंत्र थांबलं. अप्पांनी चिंध्यांच्या पिशवीतून हात बाहेर काढला होता. "तांबडी," ते हळूच म्हणाले. कपाळावर घाम, हात बर्फासारखे.

दवाखान्यातून ते घरी आले, पण छातीतला दम गेला होता. यंत्राचा पाय चार टाके मारून थांबे. "दोरा मीच सैल बांधला," असं ते अक्कांना माझ्यासमोर सांगत. डबे त्यांनी टेकडीच्या पायथ्याशी नेऊन रिकामे केले. मी खोली बदलली. दोन पावसाळ्यांनी ते गेले.

मी भेटायला गेलो, तेव्हा अक्कांनी एक डबा पुढे केला. "मेष्ट्रेंना द्या म्हणाले होते. का, ते सांगितलं नाही."

दोरा गाठ न सोडता सरकवून काढलेला होता आणि झाकणावर जपून ठेवला होता. गाठ माझी होती. दोन हातांनी मारलेली, ढोबळ, बुटाच्या नाडीसारखी. असली गाठ शिंपी मारत नाही.

अक्का विचारत होत्या, "काय आहे हो त्यात?"

"काही नाही, अक्का," मी म्हणालो. तेव्हाही.