साखर आहे का घरात?

लातूर जिल्हा झाला त्या वर्षांत गावात दोन गोष्टी झाल्या. कचेऱ्या आल्या आणि पाऊस गेला. पूर्वी एका कागदासाठी उस्मानाबादला जावं लागायचं, आता साहेब घराशेजारी भाड्यानं राहायला आले. नळाला मात्र पाणी नव्हतं. जिल्हा होण्याचा आनंद लोकांनी कोरड्या घशानंच साजरा केला.

मी तेव्हा आठवीत होते आणि चांगली जाड होते. गावच्या बाजारपेठेत, गोलाईत, आप्पांचं किराण्याचं ठोक दुकान होतं. घरात सोमवार सोडला तर खाण्याला कधी अडकाठी नव्हती, आणि सोमवारीही उपास सोडताना गव्हाची हुग्गी असायचीच, गूळ-तूप घातलेली. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींच्या आया रोजगार हमीवर खडी फोडायला जात. त्या मुलींच्या गळ्याची हाडं दिसायची, माझ्या गळ्याला वळ्या होत्या. वळीत एक काळा पट्टा होता. आई त्याला मळ समजायची. दर रविवारी काथ्या आणि चण्याचं पीठ घेऊन ती माझी मान घासायची. मान लाल व्हायची, पट्टा काळाच राहायचा.

"शाळेत मातीत लोळतीस का गं?" ती विचारायची.

शाळेत मी लोळणं सोडा, पळतही नव्हते. कुणी पळ म्हणतही नव्हतं. खात्यापित्या घरची पोर म्हणून बाई मला खुर्चीजवळ बसवायच्या.

एके दिवशी नव्या जिल्ह्याची नवी डॉक्टरीणबाई आमची तपासणी करायला आली. तरुण होती, बारीक होती, बोलणं पुण्याकडचं. मुलींना एकेक करून काट्यावर उभं करत होती. पुढच्या मुली काट्यावर चढल्या की सुई जेमतेम हलायची. मी चढले तेव्हा ती अशी उडाली की मागच्या मुली हसल्या. डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं शिवणाच्या बाईंकडून टेप मागून घेतला आणि माझी कंबर मोजली. मग माझी वेणी बाजूला करून मान पाहिली, पट्ट्यावरून बोट फिरवलं.

"हा मळ नाही," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की आईला कधी सांगते असं झालं.

मग तिनं विचारलं, "तुमच्या घरात कुणाला साखर आहे का?"

आता इथं थोडं सांगायला हवं. दुष्काळात साखरेची टंचाई होती आणि दुकानदारांच्या घरांवर, वखारींवर पुरवठा खात्याची माणसं साठा तपासायला अचानक यायची. आप्पांनी आम्हा भावंडांना घोकून घेतलं होतं की कुणीही साहेब येऊ दे, काहीही विचारू दे, साखर न्हाई म्हणायचं. मी डॉक्टरीणबाईच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "न्हाई मॅडम. आमच्या घरात अजिबात साखर न्हाई. आम्ही गुळाचा चहा पितो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून कौतुकानं म्हणाल्या, "ही आमची सगळ्यात सुदृढ मुलगी. पाहणीला मोठे साहेब येणार आहेत, तेव्हा हिलाच पुढं उभी करणार आहोत."

"हिच्या वडलांना भेटायचंय मला," डॉक्टरीणबाई म्हणाली.

घरी जाऊन मी सांगितलं की जिल्ह्याची एक बाई साखरेची चौकशी करत होती आणि आता आप्पांना भेटायला येणार आहे. आप्पांच्या हातातला घास ताटात पडला. दुपारभर हमाल पोती उचलून मागच्या गल्लीत मामांच्या घरी नेत होते. संध्याकाळी ती आली तेव्हा ओसरी झाडून लख्ख केलेली होती आणि आप्पा कपाळाला ताजी विभूती लावून बसले होते.

"बसा बाई. चहा घ्या. गुळाचा हाय."

"मला साखरेबद्दल विचारायचं होतं."

"आमच्याकडं न्हाई. कुणीतरी तुम्हाला भलतंच सांगितलंय."

"तुमच्या आईवडलांना? भावाबहिणींना? कुणालाच नाही?"

आप्पा गडबडले. "भावाचं दुकान कापडाचं हाय बाई. तो कशाला साखर ठेवील?"

डॉक्टरीणबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, मी साखरेच्या रोगाबद्दल विचारतेय. मधुमेह!"

आप्पांच्या चेहऱ्यावर असा उजेड पसरला की मी तो आजवर विसरले नाही. ते मांडी बदलून ऐसपैस बसले. "ती साखर होय! ती लई हाय की! मला हाय. आमच्या आईला होती, त्यातच गेली. थोरल्या भावाला हाय, त्याला आता नीट दिसत न्हाई. बहीण निलंग्याला दिलीय, तिलाबी हाय. वंशालाच हाय म्हणा ना!" लग्नात सोयरे मोजावेत तसे ते मोजत होते.

डॉक्टरीणबाईनं शांतपणे समजावलं. मुलीची कंबर तिच्या वयाला फार जास्त आहे, मानेवरचा पट्टा ही सूचना आहे, आत्तापासून जपलं नाही तर तिलाही लवकर लागेल. गोड कमी करा, चालू द्या, खेळू द्या.

ती गेल्यावर आई बाहेर आली. "दुष्काळात माझं लेकरू दोन घास खातंय, ते खुपलं बाईच्या डोळ्यात. स्वतः बघा की कशी काडी हाय." रात्री तिनं मीठमोहऱ्यांनी माझी दृष्ट काढली आणि वर ताटात शेंगापोळी वाढली.

डॉक्टरीणबाईचं ऐकायचं नाही हे घरात ठरलं. पण उन्हाळा लागला तशी पाणी भरणारी बाई बांधकामाच्या टोळीबरोबर पुण्याकडं निघून गेली ती परतलीच नाही, आणि नळाला घरघर सुद्धा येईना. गावाबाहेरच्या एका विहिरीला अजून पाणी होतं. आईचे गुडघे धरलेले, भाऊ दुकानात. मग घागर माझ्याकडे आली. सकाळी खेप, संध्याकाळी खेप. आधी मी अर्ध्या वाटेत बसून रडायचे. मग खडी फोडणाऱ्या बायकांच्या मुलींबरोबर जायला लागले. त्या भराभर चालायच्या, त्यांना गाठायचं म्हणजे पळावं लागायचं. घागर खाली न ठेवता हसता येतं, हे मला त्यांनीच शिकवलं.

शाळा पुन्हा उघडेपर्यंत माझा फ्रॉक अंगावर लोंबायला लागला होता. आईनं दुसरा शिवला नाही. लेकरू पुन्हा भरेल, अशी तिला खात्री होती.

पावसाचा अजून पत्ता नव्हता तेव्हा मोठे साहेब पाहणीला आले. मुख्याध्यापिकांनी ठरल्याप्रमाणे मला पुढं उभं केलं. त्यांनी सवयीनं केलं, माझ्याकडे नीट बघितलं नसावं. साहेब रांगेवरून नजर फिरवत आले आणि माझ्यापुढं थांबले. लोंबणारा फ्रॉक, उन्हानं रापलेलं तोंड, डोक्यावर चुंबळीनं उडालेले केस. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाळ, घरी पोटभर मिळतं का?"

मी घाबरून फ्रॉक सावरायला लागले. साहेब मागं वळून म्हणाले, "हिला रोज दुप्पट सुकडी द्या." बरोबरच्या माणसानं फोटो काढला. तो गावच्या पेपरात आला, खाली लिहिलं होतं, 'दुष्काळाची झळ'.

त्या दिवशी आप्पा दुकानात गेलेच नाहीत. "गोलाईतल्या व्यापाऱ्याची पोर उपाशी! आता कोण मला उधारीवर माल देईल?" सुकडी मात्र सरकारी हुकूम होता. ती खमंग होती, आणि साखर घालून गोड केलेली. मी ती डबल खाल्ली.

डॉक्टरीणबाईला हे सांगावं असं फार वाटलं, पण तिची तोवर माहूरकडं बदली झाली होती.

पुढच्या वर्षी पाऊस पडला, नळ आले, पाणी भरायला दुसरी बाई लागली. नांदेडच्या स्थळाला मी पसंत पडले तेव्हा पुन्हा 'चांगली भरलेली' झाले होते. आप्पांच्या पायाला पुढं जखम झाली, ती त्यांना कळलीच नाही. सोलापूरला नेऊन पाय कापावा लागला. मला साखर निघाली ती दुसऱ्या बाळंतपणानंतर.

आता मी रोज सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जाते. आम्ही चारपाच जणी आहोत, सगळ्यांना डॉक्टरांनीच चालायला सांगितलेलं. चालून झालं की त्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात गरम जिलबी खातात. इतकं चाललं की एवढं चालतं, असं त्यांचं म्हणणं आहे. मी बाहेरच्या बाकावर बसते आणि त्यांची वाट बघते. वास फार छान येतो.