पायरी लावली की गाडी कलते

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. आणि हे मी म्हणतोय — ज्याने आपल्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनची गोष्ट एवढ्या वेळा सांगितली की आता त्यात तीन डॉक्टर बेशुद्ध पडतात. माझ्या पोटात काही राहत नाही, हे आमच्या अख्ख्या वळ गावाला ठाऊक आहे. पण हे एवढं राहिलं. पाच वर्षं राहिलं, आणि गंमत म्हणजे त्याच्यासकट मी मजेत जेवलो, झोपलो, ढेकर दिले.

तुम्ही माझे कोण? कोणीच नाही. म्हणून तर सांगतो.

सुरुवात गाडीपासून करतो. गाडी, म्हणजे आमची सात सीटर व्हॅन. जमिनीवर गोदाम उभं राहिलं, भाडं येऊ लागलं, आणि घरातल्या सात माणसांनी दोन रिक्षा करून लग्नांना जाणं शोभेना. तेव्हा ठरलं, एकच मोठी गाडी घ्यायची. आमच्या घरात मोठी वस्तू घेताना एक रीत आहे — प्रत्येकाने एक मागणी सांगायची, आणि ती पुरवायचीच. फ्रिज घेतला तेव्हाही असंच झालं होतं. तर बायकोने, वंदनाने, धुता येतील अशी सीट कव्हरं मागितली, कारण आमच्या गाडीत मासळी बसणार, माणसं नंतर. पोराला मोठा स्क्रीन. पोरीला मागे बघायचा कॅमेरा. भावाला छतावर कॅरिअर, भावजयीला पायाखाली जाड मॅट.

आणि आत्याला पायरी.

हिराआत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली, आणि मला वाढवलं ते तिनेच. माझी आई शेतावर असायची. आत्या धवलारीण आहे. तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो — आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो आपल्या जागी, पण धवले गाणारी बाई हवीच. ती देवांना गाण्यातून आवतण देते, मग हळद लागते. हिराआत्या गायला बसली की मांडवातला डीजेवाला आपणहून वायर काढायचा. हे मी वाढवून सांगत नाही. बरं, वायर काढत नसेल, पण आवाज कमी करायचाच.

तिचे गुडघे मात्र गेले होते. ती म्हणाली, “मना बाकी काय नको, दत्तू. चरायला येक पायरी लाव गारीला. मना कोनी काखंत धरून चरवलेली आवरत न्हाय.” चरायला म्हणजे चढायला, आमच्या म्हाताऱ्यांच्या तोंडात ‘ड’ आणि ‘ढ’ बसत नाहीत.

एवढंच. दाराखाली बसणारी लोखंडी पट्टी. शोरूमवाले तिला फुटस्टेप म्हणतात.

आता माझ्याबद्दल थोडं. भाव करण्यात माझा हात धरणारा भिवंडी तालुक्यात नव्हता. लोक मला ट्रॅक्टर घ्यायला न्यायचे, टीव्ही घ्यायला न्यायचे, एकाने तर मुलगी बघायलाही नेलं. माझी पद्धत सोपी — मी डबा घेऊन जातो. कल्याण रोडच्या त्या शोरूममध्ये मी सकाळी दहाला गेलो आणि एसीत बसून, काचेच्या टेबलावर, सुकटीचा डबा उघडला. भाकरी, सुकट, कांदा. सगळ्या शोरूमला कळलं, हा माणूस घरी जायला आलेला नाही. अर्ध्या तासात दोन गिऱ्हाइकं उठून गेली आणि मॅनेजर स्वतः माझ्याकडे आला.

सेल्समन इरफानभाई, इथलाच, यंत्रमागवाल्यांच्या घरातला, बोलायला गोड आणि द्यायला कडक. आमची जुगलबंदी दुपारी तीनपर्यंत चालली. तो म्हणाला, “चाचा, अब क्या मेरी शादी की घड़ी भी उतार लोगे?” मी म्हणालो, “चल रही है क्या? दिखाओ.”

आणि इथे मला थांबावंसं वाटतं. पण सांगतो.

मी तिथे आत्याचे गुडघे वापरले. किंमत अडली की मी आवाज खाली आणायचो — घरात म्हातारी बाई आहे, जन्म कष्टात गेला, विधवा, गुडघ्यांत जीव नाही, तिच्यासाठी ही गाडी घेतोय. एकदा तर डोळे पुसले. खोटं होतं का ते? शब्द खरे होते. पण मॅट मिळाले ते त्या गुडघ्यांवर. सीट कव्हरं त्या गुडघ्यांवर. कॅमेरा, कॅरिअर, स्क्रीन — सगळं आत्याच्या गुडघ्यांनी आणलं. इरफानभाई बिचारा म्हणाला, “मेरी दादी का भी यही हाल है,” आणि विम्यातले पैसेही कमी करून आला.

शेवटी एकच वस्तू राहिली. पायरी.

आणि त्याच वेळी माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे चार अलॉय व्हील होती, कुणाचं तरी बुकिंग रद्द झालं म्हणून पडून राहिलेली. चांदीच्या ताटासारखी. आणि मी आदल्या दिवशी गावात, चहाच्या टपरीवर, अकरा माणसांसमोर म्हणालो होतो की अलॉय फुकट आणले नाहीत तर मिशी उतरवीन.

इरफानभाईने ओळखलं. तो म्हणाला, “दोनों नहीं होगा, चाचा. फुटस्टेप या अलॉय. एक बोलो.”

मी विचार केला, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं म्हणजे — नाही केला. अर्धा मिनिटही नाही. मी म्हणालो, अलॉय.

इरफानभाई माझ्याकडे बघत राहिला. “वो बुज़ुर्ग के लिए बोला था ना आपने?” मी म्हणालो, “उनका हम देख लेंगे.” त्याने मान हलवली आणि कागद पुढे केला. पायरीचे पैसे वेगळे देऊन ती घेता आली असती का? आली असती. पण पैसे देऊन घेतली तर ती भावात मिळालेली कशी म्हणणार? तेवढ्यासाठी.

गाडी गावात आली. अलॉय बघायला टपरीवरची अकराच्या अकरा माणसं उभी. मी मिशीला पीळ दिला. आत्याने आरतीचं ताट घेतलं, चाकांखाली लिंबं ठेवली, गाडीला ओवाळलं, कुंकू लावलं. मग ती दाराशी आली, लुगडं सावरलं, पाय उचलला — आणि खाली बघितलं.

“पायरी कुठं हाय रं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. विसरलो म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या तोंडाला सवय ती. मी म्हणालो, “आत्या, कंपनी देत नाही. या गाडीला पायरी लावली की गाडी एका बाजूला कलते. दिल्लीत एकाने लावली, तर वळणावर गाडी अशी कलली की बाप्या थेट उसाच्या ट्रकात जाऊन पडला.”

दिल्लीत ऊस कुठून आला, ते मला विचारू नका.

आत्याने पाय खाली घेतला. म्हणाली, “मंग र्‍हाऊं दे बाबा. आपली मान्सा जगली पायजेत.” वंदनाने घरातून लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं. त्यावर चढून, मी एका बाजूने आणि भाऊ दुसऱ्या बाजूने काखेत धरून, आम्ही तिला आत बसवलं.

काखेत धरून. लक्षात आलं ना तुमच्या?

आता खोट्याचं कसं असतं — घरातल्या घरात राहिलं असतं तर मी ते कधीतरी गुपचूप मिटवलं असतं. पण टपरीवर ती गोष्ट पोचली, आणि तिथे तिला माझ्याच तोंडून आणखी हातपाय फुटले. दिल्लीवाल्याची गाडी दोनदा उलटली. कंपनीने इंजिनियरला काढून टाकलं. पुढच्या दोन वर्षांत गावात आणखी सात-आठ मोठ्या गाड्या आल्या, आणि विश्वास ठेवा, एकीलाही पायरी नव्हती. भाव करायला त्यांनी मलाच नेलेलं. इरफानभाई समोरून पायरी देऊ करायचा, तर आमची माणसंच हात जोडायची, “नको, नको, कलती है.” तो माझ्याकडे बघायचा. मी छताकडे. गावात म्हाताऱ्या मोजक्या, पण लाल स्टुलं दारोदार झाली. दुकानदाराने मला एक भेट दिलं.

हसलात? मीही हसायचो. स्टूल डिकीत टाकायचो आणि हसायचो.

पण लग्नाच्या मांडवाशी गाडी थांबली की पन्नास माणसं वळून बघायची. धवलारीण आली. मग डिकी उघडायची, स्टूल निघायचं, दोन बापे तिला पोत्यासारखी उतरवायचे. जिने देवांना बोलावायचं, तिचं लुगडं स्टुलाच्या पायात अडकायचं. एकदा कुणीतरी मोबाइलवर शूटिंगही केलं.

त्यानंतर अंबाडीहून आवतण आलं. तिच्या बहिणीच्या नातीचं लग्न. त्या बहिणीला तिने शब्द दिलेला, तुझ्या नातीचे धवले मीच गाईन. माणसं सुपारी घेऊन ओटीवर बसलेली, आणि आत्या म्हणाली, “माजा गला बसलाय गो. आता न्हाय जमत. दुसरी बगा.” सुपारी तिने परत केली. धवलारणीने सुपारी परत करणं — आमच्यात ते कोणी विसरत नाही. बहीण रुसली ती रुसलीच.

लग्नाच्या दिवशी घरातले सगळे गेले. मी आणि आत्या राहिलो. मी पुढच्या खोलीत, ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत. आणि ती गात होती. पूर्ण धवला, गणपतीपासून गावदेवीपर्यंत. गळा असा लागलेला की मी चहाचा कप हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

तेव्हा मला सगळं कळलं. आणि मी काय केलं? चहा प्यायलो.

अंजूरफाट्याला गाड्यांचं सामान लावणारी दुकानं ओळीने आहेत. पायरी लावायला अर्धा तास लागतो. मी तिथून रोज जायचो. दोनदा गाडी थांबवलीही. पण लावून घरी नेली की सगळे विचारणार — मग कलत का नाही? माझी मोठी फजिती झाली असती. फजिती, बस्स. एवढीच किंमत होती, आणि ती मी दिली नाही.

अडीच वर्षं अशी गेली, आत्याने एकही सुपारी घेतली नाही. मग एका रविवारी वंदनाचा भाऊ नारपोलीहून जेवायला आला. शाळेत मास्तर आहे, सरळ माणूस. गाडी नवी, आमच्याच मॉडेलची, नुसता रंग वेगळा. दाराखाली चकचकीत पायरी. त्याची आई, म्हणजे माझी सासू, आत्याच्याच वयाची, पायरीवर पाय ठेवून कुणाचाही हात न धरता उतरली आणि पदर नीट करून चालू लागली.

आत्या ओटीवरून बघत होती. जेवायला बसल्यावर तिने मास्तरला विचारलं, “कलत न्हाय कं रं गारी?”

तो हसला. “कशाला कलेल, आत्या? लोखंडाची पट्टी ती.”

सगळ्या घराने माझ्याकडे बघितलं. हीच वेळ होती. देवाने ताटात वाढून आणली होती. आणि मी — मी म्हणालो, “आता नाही कलत. कंपनीने सुधारणा केली. तीन वर्षं पत्रं लिहीत होतो मी त्यांना. आत्याचं नाव घालून.”

मास्तरने तोंड उघडलं, वंदनाने त्याच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला, आणि ते बंद झालं. तिला किती कळलं, मी विचारलेलं नाही. आत्याचा चेहरा मात्र असा फुलला की काय सांगू. “बगलांव? माज्या दत्तूनी कंपनीला वाकवली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरी लावून आणली. अर्धा तासही लागला नाही. आठवड्याभरात गावातल्या सगळ्या गाड्यांना पायऱ्या लागल्या, आणि म्हाताऱ्या येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून गेल्या. आत्या पायरीवर तीन वेळा चढली, तीन वेळा उतरली, काही काम नसताना.

ती पुन्हा गायला लागली. आता हंगामात आम्हाला उसंत नसते. मी गाडी चालवतो, ती पुढे बसून येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरवाल्यांना नावं ठेवते, दोघं पोटभर जेवून घरी येतो. दिवस छान चाललेत. अंबाडीची बहीण तेवढी अजून बोलत नाही. आत्या म्हणते, चूक माझीच होती, मीच सुपारी फिरवली.

आणि धवल्यात तिने एक कडवं नवीन घातलं आहे. देवांची नावं झाली, गावदेवी झाली, नवरा-नवरीचे मामा झाले की ती डोळे मिटते आणि गाते — माझ्या भाच्याने राजाशी भांडून पायरी आणिली, पायरीवरून मी मांडवी आली. मागच्या बायका ती ओळ उचलतात. आता त्या शेजारच्या गावांतही गातात, ज्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. मांडव वळून माझ्याकडे बघतो. मी हात जोडतो आणि मान खाली घालतो. लोकांना वाटतं, लाजला.

ती अडीच वर्षं गायली नाही, ते माझ्यामुळे. हे मी वाढवून सांगितलेलं नाही.